मॉर्निंग्टन क्रेसेंट : नव्या भिडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या स्टेशनांची नावं आळीपाळीने घ्यायची आणि ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ हे नाव जो पहिल्यांदा घेईल तो जिंकला. वरवर पाहता खेळ एवढाच आहे. पण प्रत्यक्ष डाव कानावर पडला की नवा माणूस चक्रावतो. कुणी म्हणतं, ही चाल आजच्या नियमांत बसत नाही. कुणी म्हणतं, मग मी नदी ओलांडून येतो. बाकीचे गंभीरपणे माना डोलावतात. हे नियम आले कुठून, असा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे आणि त्याचं सरळ उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं. इथे ते दिलं आहे. ज्यांना उलगडा आधीच नको असेल त्यांनी दुसरा प्रश्न सोडून नमुन्याच्या डावाकडे जावं आणि मग परत यावं.

खेळतात कसं?

चार-पाच जण गोल बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि आज कोणत्या नियमांनी खेळायचं ते जाहीर करतो. पहिला भिडू एखाद्या स्टेशनाचं नाव घेतो, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक नाव ही एक चाल. चालीवर टिप्पणी होते, आक्षेप घेतले जातात, सूत्रधार निवाडा देतो. शेवटी कुणीतरी ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ म्हणतो आणि डाव संपतो. पट नको, सोंगट्या नकोत, गुण मांडायला कागद नको.

पण नियम नेमके कोणते?

ठरलेले नियम नाहीत. कधीच नव्हते. सूत्रधार जे जाहीर करतो आणि भिडू डावात जे बोलतात, ते सगळं त्या बैठकीत तिथल्या तिथे रचलेलं असतं. ‘उत्तरेची कोंडी’, ‘तिरकी चाल’, ‘जुन्या नकाशाची सवलत’ असं काहीही कानावर आलं तरी ते पुस्तकात शोधायला जाऊ नये. बुद्धिबळासारख्या गहन, डावपेचांच्या खेळांचं हे हुबेहूब सोंग आहे आणि ते वठवण्यातच सगळी कला आहे.

याचा अर्थ काहीही बोललं तरी चालतं, असा मात्र होत नाही. नव्या माणसाची इथेच गफलत होते. कुणी एकदा सांगितलं की नदीच्या दक्षिणेला गेलेल्याला पुढची चाल पूर्वेकडे करता येत नाही, की तो त्या डावापुरता नियम झाला. पुढच्या भिडूने तो पाळायचा किंवा त्यातून सुटायची पटण्याजोगी वाट काढायची. आधीच्याने रचलेलं मोडायचं नाही, त्यावर पुढचा मजला चढवायचा. माझ्या मते या खेळाचा खरा, न लिहिलेला नियम हाच आणि तो कडक आहे.

मग पहिल्याच चालीत ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ म्हटलं तर?

जिंकलात. डाव संपला आणि कुणालाच काही मिळालं नाही, तुम्हालाही नाही. आपल्याकडे मुलं याला रडीचा डाव म्हणतील.

हा प्रश्न मात्र वाटतो तितका पोरकट नाही. जिंकणं हेच ध्येय मानलं तर पहिल्या भिडूने पहिल्याच चालीत नाव घ्यावं हे उघड आहे. गणिताच्या दृष्टीने खेळ तिथेच सुटतो. तरीही माणसं अर्धा-अर्धा तास खेळतात, कारण त्यांना जे हवं असतं ते शेवटच्या नावाआधीच्या चालींमध्ये असतं. नाव घेण्याचा मोह प्रत्येक फेरीत समोर उभा असतो आणि प्रत्येक जण तो एक फेरी पुढे ढकलतो. खेळातला ताण येतो तो तिथून, आणि तो ताण खोटा नसतो. पुढचा भिडू घेईल का, आता घ्यावं की अजून एक सुंदर चाल शिल्लक आहे, हे खरोखर ठरवावं लागतं.

हा खेळ सुरू कुठे झाला?

बीबीसी रेडिओ 4 वरच्या ‘आय अॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’ या विनोदी कार्यक्रमात. कार्यक्रम एप्रिल 1972 मध्ये सुरू झाला. कल्पना ग्रॅमी गार्डन यांची होती. रेडिओवर तेव्हा नेटक्या, सभ्य प्रश्नमंजूषा चालत, त्या सगळ्यांवरचं हे विडंबन. सूत्रधार होते हम्फ्री लिटलटन. ते मूळचे जॅझ ट्रम्पेटवादक, आणि तेही मोठ्या नावाचे. 2008 मध्ये निधन होईपर्यंत सूत्रधाराची खुर्ची त्यांच्याकडेच होती. पुढे 2009 पासून ती जॅक डी यांनी सांभाळली. भिडूंमध्ये गार्डन, टिम ब्रूक-टेलर, बॅरी क्रायर आणि विली रश्टन हे चौघे अनेक वर्षं होते.

मॉर्निंग्टन क्रेसेंट या कार्यक्रमात 1978 मध्ये आला. त्यामागची एक हकीगत लिटलटन सांगत. एक निर्माता मंडळींना फारसा आवडत नसे. एकदा सगळे बसलेले असताना त्याच्या पावलांची चाहूल लागली आणि त्याला कधीच कळणार नाही असा एक खेळ घाईघाईने रचला गेला. हकीगत इतकी बेतशीर आहे की तीही खेळाचाच भाग असावी असं वाटतं. खेळाचं जनकत्व वेगवेगळ्या लोकांना दिलं जातं आणि त्या वादात मी पडत नाही.

रेडिओवर तो इतका का चालला, हे मात्र ऐकलं की लगेच कळतं. लिटलटन नियम वाचून दाखवताना एकदाही हसत नसत. कंटाळलेला, थोडा थकलेला, पण कर्तव्य चोख बजावणारा आवाज. समोरचा प्रेक्षकवर्ग एखाद्या चालीला टाळ्या वाजवी, एखादीला श्वास रोखून धरी. स्टेशनाचं नुसतं नाव उच्चारलं जायचं आणि शे-दोनशे माणसं ‘अरे बापरे’ करायची. म्हणजे श्रोतेही भिडूच होते. 1984 मध्ये तर रेमंड बॅक्स्टर यांच्या भारदस्त आवाजात खेळाचा ‘इतिहास’ सांगणारा अख्खा कार्यक्रम झाला.

याआधी असा खेळ नव्हता का?

होता, आणि त्याची नोंदही आहे. वॉरिक विद्यापीठातून निघणाऱ्या ‘मॅनिफोल्ड’ या गणिताच्या नियतकालिकात 1969 मध्ये अॅनातोल बेक आणि डेव्हिड फाउलर या दोन गणितज्ञांनी काही ‘न-खेळ’ मांडले. त्यातला एक होता ‘फिंचली सेंट्रल’. दोघांनी आळीपाळीने लंडनच्या भुयारी रेल्वेची स्टेशनं सांगायची. जो आधी ‘फिंचली सेंट्रल’ म्हणेल तो जिंकला. नाव घ्यायची उत्तम वेळ म्हणजे समोरचा घेणार त्याच्या अगदी आधी, हा त्यातला मुद्दा आजही प्रत्येक डावाच्या तळाशी आहे.

दोन्हींत फरक आहे तो बडबडीचा. गणितज्ञांच्या खेळात नुसती नावं आणि मनातल्या मनात अंदाज. रेडिओवाल्यांनी त्यावर नियम, इतिहास, आक्षेप, गाजलेल्या सामन्यांच्या आठवणी असा सगळा डोलारा उभा केला. मला दुसरं रूप अधिक आवडतं, कारण त्यात दहा वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकाच बाजेवर बसून खेळू शकतात.

हेच स्टेशन का निवडलं?

निवडणाऱ्यांच्या मनातलं सांगता येत नाही, पण या स्टेशनात जे आहे ते पाहिलं की निवड चपखल वाटते.

मॉर्निंग्टन क्रेसेंट नॉर्दर्न लाइनवर आहे, कॅम्डन टाउन आणि यूस्टन या दोन गजबजलेल्या स्टेशनांच्या मधे. नॉर्दर्न लाइन कॅम्डन टाउनच्या दक्षिणेला दुभंगते. एक फाटा चेअरिंग क्रॉसकडून जातो, दुसरा ‘बँक’ नावाच्या स्टेशनाकडून. यूस्टन दोन्ही फाट्यांवर आहे. मॉर्निंग्टन क्रेसेंट फक्त पहिल्यावर. बँकेकडची गाडी पकडली तर हे स्टेशन लागतच नाही. नकाशावर ते डोळ्यांसमोर असतं आणि पोचता मात्र येत नाही.

गंमत आणखी पुढे आहे. नकाशावर चेअरिंग क्रॉसचा फाटा इथे पश्चिमेला काढलेला असतो आणि बँकेचा पूर्वेला. जमिनीखाली नेमकं उलट आहे. या भागात दोन्ही बोगदे एकमेकांना ओलांडतात आणि मॉर्निंग्टन क्रेसेंट बँकेच्या फाट्याच्या पूर्वेला पडतं. ज्या स्टेशनाबाबत नकाशाच उलटा आहे, ते अशा खेळाचं शेवटचं घर असावं, याहून शोभणारी गोष्ट मला सुचत नाही.

स्टेशन उघडलं 22 जून 1907 रोजी. लेस्ली ग्रीन यांच्या घडणीची ती गडद लाल, चकचकीत फरशांची इमारत अजून उभी आहे. ऑक्टोबर 1992 मध्ये जुन्या लिफ्ट बदलायच्या म्हणून ते बंद झालं आणि वर्षानुवर्षं बंदच राहिलं. आता ते कायमचंच जातं की काय, अशी भीती होती. लोकांनी पाठपुरावा केला, आणि 27 एप्रिल 1998 रोजी ते पुन्हा उघडलं तेव्हा उद्घाटनाला याच रेडिओ कार्यक्रमातली मंडळी हजर होती. विली रश्टन तेवढे नव्हते. ते 1996 मध्येच गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ 2002 मध्ये स्टेशनात एक पाटी बसवली गेली. विनोदवीराची आठवण म्हणून रेल्वे स्टेशनात पाटी लागते, ही या खेळाने केलेली खरी कमाई.

मराठी वाचकांसाठी एक जोड इथेच द्यायला हवी. स्टेशनाला नाव मिळालं ते शेजारच्या रस्त्यावरून आणि त्या रस्त्याला ते मिळालं रिचर्ड वेलस्ली, अर्ल ऑफ मॉर्निंग्टन याच्यावरून. म्हणजे 1798 ते 1805 या काळातला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली. तैनाती फौजवाला. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह केला तो याच्याच कारकिर्दीत. त्याचा धाकटा भाऊ आर्थर 1803 च्या सप्टेंबरात असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढला. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. असई आपल्या जालना जिल्ह्यात. शाळेच्या इतिहासात ज्याच्यावर टिपा लिहिल्या, त्याचं नाव घेऊन आपण डाव जिंकतो, हे माहीत असलेलं बरं.

लंडनचा नकाशा पाठ असावा लागतो का?

नाही. दहा-पंधरा नावांवर पहिला डाव निभावतो. भुयारी रेल्वेची स्टेशनं 272 आहेत, ती सगळी पाठ असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण नकाशा समोर उघडून ठेवावा, कारण तो पाहताना चाली सुचतात.

आजच्या नकाशाचा ढाचा हॅरी बेक यांचा. ते विजेच्या आराखड्यांचं काम करणारे. प्रवाशाला जमिनीवरची अंतरं नको असतात, कुठे उतरायचं आणि कुठे बदलायचं एवढंच हवं असतं, हे त्यांनी ओळखलं. सगळ्या रेषा आडव्या, उभ्या आणि तिरक्या अशा सरळ केल्या. जानेवारी 1933 मध्ये तो नकाशा लोकांच्या हाती आला. त्यात लंडन शहर जवळजवळ पुसलं गेलं. उरली थेम्स नदी आणि रेषा. म्हणजे तो आधीच खेळाच्या पटासारखा झाला होता. बेक राहायचे फिंचलीत, आणि त्यांच्या नावाची पाटी आहे फिंचली सेंट्रल स्टेशनात. गणितज्ञांच्या खेळातलं शेवटचं घर तेच!

एखादा डाव नमुन्यादाखल दाखवाल का?

दाखवतो. खालचे नियम बैठकीत रचलेले आहेत. त्यांना आधार दिला आहे तो मात्र खऱ्या इतिहासाचा. सूत्रधार आजोबा. भिडू काकू, दादा, ताई आणि पहिल्यांदाच बसलेला भाचा.

आजोबा : आज जानेवारी 1933 चा नकाशा. व्हिक्टोरिया लाइन नाही, ज्युबिली नाही. नदी ओलांडणाऱ्याने पुढच्याला परतीची वाट मोकळी ठेवायची. काकू, सुरुवात तुमची.

काकू : बेकर स्ट्रीट.

(सावध, भक्कम सुरुवात. 1863 मध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली तेव्हापासूनचं हे स्टेशन. इथून कुठेही जाता येतं, त्यामुळे पुढच्याला हेतू कळत नाही.)

दादा : वॉटर्लू.

आजोबा : दुसऱ्याच चालीत नदीपार? बरं. ताई, परतीची वाट मोकळी आहे.

ताई : बँक.

दादा : हरकत आहे. वॉटर्लू–बँक लाइन त्या काळात वेगळ्याच रेल्वे कंपनीची होती.

आजोबा : हरकत बरोबर आहे. ती भुयारी रेल्वेकडे आली 1994 मध्ये. चाल राहू दे, पण अर्धी धरू. ताईने पुढच्या खेपेस उरलेली अर्धी भरून काढायची.

भाचा : हॅमरस्मिथ.

काकू : कोणतं? हॅमरस्मिथ दोन आहेत.

भाचा : ते आत्ता सांगायलाच हवं का?

(इथे सगळे थबकले. रस्त्याच्या दोन बाजूंना एकाच नावाची दोन वेगळी स्टेशनं आहेत हे खरं आहे. पोराने अजाणता दोन्ही अडवून ठेवली.)

आजोबा : सांगायलाच हवं असा नियम आज जाहीर केलेला नाही. चाल मान्य.

काकू : मग मी ऑल्डविच.

(सणसणीत. ऑल्डविच म्हणजे होबर्नहून निघालेला एका स्टेशनाचा फाटा. पुढे रस्ताच नाही. दादाला बाहेर पडायला एकच दार.)

दादा : होबर्न. दुसरं काय करणार?

ताई : ब्रिटिश म्युझियम.

आजोबा : वा! हे स्टेशन सप्टेंबर 1933 मध्ये बंद झालं. आपण जानेवारीत आहोत, म्हणजे अजून उघडं आहे. राहिलेली अर्धी चाल भरली.

भाचा : टॉटनम कोर्ट रोड.

(आता सगळे ताठ बसले. इथून नॉर्दर्न लाइन वर जाते : गूज स्ट्रीट, वॉरन स्ट्रीट, यूस्टन आणि मग ते.)

काकू : गूज स्ट्रीट.

दादा : वॉरन स्ट्रीट.

ताई : … यूस्टन.

भाचा : मॉर्निंग्टन क्रेसेंट!

बारकाईने पाहाल तर ताईला, दादाला, काकूलाही नाव घेता आलं असतं. भाचा टॉटनम कोर्ट रोडवर पोचला तेव्हाच तिघांना डाव कुठे चालला आहे ते दिसलं होतं. त्यांनी एकेक पायरी चढत तो त्याच्यापर्यंत नेला. यात कुणी हरलं, असं त्या खोलीतल्या कुणालाच वाटलं नसतं.

चांगला नियम कसा रचायचा?

खऱ्या गोष्टीला बांधून. वरच्या डावात ब्रिटिश म्युझियमची चाल रंगली कारण ते स्टेशन खरंच त्या वर्षी बंद झालं. हवेतून काढलेला नियम एकदा हसवतो आणि विरून जातो. ज्याच्या मुळाशी खरा तपशील असतो, त्यावर दुसरा भिडू काहीतरी उभं करू शकतो.

तपशिलांचा तोटा नाही. एजवेअर रोड नावाची दोन स्टेशनं आहेत. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे सगळ्यात छोटं अंतर, तीनशे मीटरसुद्धा नाही. ती चाल फुकट धरायची की तिला दंड करायचा? हॅम्पस्टेड सगळ्यात खोल, जमिनीखाली 58 मीटरपेक्षा जास्त. तिथून बाहेर पडायला एक फेरी थांबावं लागेल का? मॅन्शन हाउस आणि साउथ ईलिंग या दोनच नावांत इंग्रजीचे पाचही स्वर येतात. सेंट जॉन्स वूड एका विनोदी कारणासाठी प्रसिद्ध आहे : बांगडा माशाच्या इंग्रजी नावातलं (mackerel) एकही अक्षर त्यात नाही. अशा प्रत्येक गोष्टीत एक नियम दडलेला आहे.

नियम छोटा असावा. तीन वाक्यांत सांगता आला नाही तर बाकीच्यांच्या लक्षात राहणार नाही, आणि लक्षात न राहिलेला नियम कुणी पाळू शकत नाही. दुसरं, नियमाने पुढच्याची वाट पूर्ण बंद करू नये. ‘आता कुणीच काही बोलू शकत नाही’ असं म्हणणारा भिडू हुशार वाटतो, पण त्याने खेळ मारलेला असतो.

सूत्रधार लागतोच का?

तिघांपेक्षा जास्त जण असले तर लागतो. दोघांत चालून जातं.

सूत्रधार निवडताना घरातला सगळ्यात विनोदी माणूस निवडू नका. ऐकणारा निवडा. कुणी काय रचलं ते त्याच्या ध्यानात राहायला हवं, आणि आक्षेप आला की दोन्ही बाजूंना काहीतरी देता यायला हवं. वरच्या डावातला अर्ध्या चालीचा निवाडा आठवा : दादाचा आक्षेप मानला, ताईची चालही वाचवली, शिवाय तिला पुढे भरून काढायला काही ठेवलं. चांगला सूत्रधार असा प्रत्येक निवाड्यातून पुढच्या चालीला खाद्य पुरवतो.

एका डावाला किती वेळ द्यावा?

पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या डावाला त्याहून कमी.

बंद पडलेली स्टेशनं चालतात का?

सूत्रधाराने वर्ष जाहीर केलं असेल तर त्या वर्षी जे उघडं होतं ते सगळं चालतं. काहीच जाहीर केलं नसेल तर आजचा नकाशा. ऑल्डविच 1994 मध्ये बंद झालं, म्हणून त्यानंतरच्या वर्षाच्या डावात ते घ्यायचं असेल तर काहीतरी भक्कम कारण द्यावं लागेल. आणि सावध राहा : 1992 ते 1998 मधलं वर्ष निवडलंत तर मॉर्निंग्टन क्रेसेंटच बंद आहे. असा डाव संपवायचा कसा, हे अनुभवी भिडूंनीही करून पाहावं.

कुणी मनापासून नियम विचारले तर काय सांगायचं?

यावर मतभेद आहेत. जुने रसिक म्हणतात, गुपित फोडायचं नाही. विचारणाऱ्याला उलट आणखी गुंतागुंतीचा नियम सांगायचा. रेडिओवर हे शोभतं, कारण ऐकणाऱ्याला आपण कार्यक्रम ऐकतोय हे माहीत असतं. घरात, कट्ट्यावर, हॉस्टेलच्या खोलीत मला ते पटत नाही.

नवा माणूस मैफलीत आला, सगळे हसताहेत आणि त्याला एकट्याला काही कळत नाही. दोन मिनिटं गंमत असते. दहा मिनिटांनी तो स्वतःला मूर्ख समजायला लागतो. त्याचा चेहरा पाहिला की ते दिसतं. अशा वेळी त्याच्या कानात हळूच सांगा : नियम नाहीत, तूही रच. तेवढ्याने काही बिघडत नाही. उलट तो पुढच्याच फेरीत सगळ्यांत वरचढ चाल करतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गुपित कळल्याने हा खेळ संपत नाही, कारण तो मुळात गुपितावर उभाच नाही.

ज्याला गोंधळाचीच मजा वाटतेय त्याला मात्र गोंधळात राहू द्या. कोण कुठल्या प्रकारचा, ते ओळखणं हीदेखील सूत्रधाराचीच जबाबदारी.

लहान मुलांना खेळवता येतो का?

सात-आठ वर्षांची मुलं अप्रतिम खेळतात. नियम तिथल्या तिथे रचणं त्यांना नवीन नसतं, ती अंगणात रोज तेच करतात. त्याहून लहानाला कच्चा लिंबू म्हणून घ्या : त्याने कोणतंही नाव कितीही वेळा घेतलं तरी चाल मान्य.

मुंबईच्या लोकलवर खेळता येईल का?

येतो, आणि झकास येतो. ज्यांनी लंडन पाहिलेलं नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मी सुचवेन, कारण पट आधीपासून डोक्यात असतो.

शेवटचं घर निवडताना मॉर्निंग्टन क्रेसेंटची लक्षणं लक्षात ठेवा : छोटं, सगळ्यांना माहीत असलेलं, आणि अनेक गाड्या जिथे थांबत नाहीत असं. माझी पसंती चिंचपोकळीला. मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोडच्या मधे, जलद लोकल तिथून नुसती धडधडत निघून जाते. हार्बरवाल्यांना कॉटन ग्रीन जवळचं वाटेल. सीएसएमटी, दादर, ठाणे अशी मोठी स्टेशनं घेऊ नका. तिथे कुणीही कुठूनही पोचतं, मग पेच पडत नाही.

नियमांना तर अंत नाही. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाता येतं, पण पूल चढायला एक चाल खर्ची घालायची. परळहून प्रभादेवीला जाता येतं का? जुन्या भिडूंनी ते स्टेशन ‘एल्फिन्स्टन’ म्हटलं तर चालेल का? नाव बदललं 2018 मध्ये, तेव्हा सूत्रधाराने वर्ष आधी सांगावं. कल्याणला गाडी कसाऱ्याकडे वळते की कर्जतकडे, हे शेवटच्या क्षणापर्यंत न सांगण्याचा हक्क बोलणाऱ्याला. सँडहर्स्ट रोडला मध्य रेल्वेचे फलाट खाली आणि हार्बरचे वर. वरून खाली उतरणाऱ्याने आवाज खाली घ्यायचा. जलद चाल घेतली की मधली धिमी स्टेशनं पुढच्या फेरीपर्यंत कुणाला घेता येणार नाहीत.

आणि मेगाब्लॉक आहेच. डाव फार सरळ चालला आहे असं दिसलं की सूत्रधाराने गंभीर आवाजात जाहीर करावं : माटुंगा ते मुलुंड, धिम्या मार्गावर. त्यानंतर भिडू ज्या वाटा काढतात, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून कुर्ला, तिथून परत, त्या ऐकण्यासारख्या असतात. रोजच्या प्रवासाचं जे ज्ञान आपण कधी ज्ञान म्हणून मोजत नाही, ते इथे हुकमी पत्त्यासारखं कामी येतं. डोंबिवलीचा माणूस असा खेळतो की दक्षिण मुंबईचा बघत राहतो.

गाण्याच्या भेंड्यांसारखाच आहे ना हा?

आळीपाळी सारखी आहे, बाकी जात वेगळी. भेंड्यांत अक्षर अडतं आणि आठवण कमी पडली की हार होते. इथे आठवण संपली तरी अडत नाही, कारण बोलून वाट काढता येते.

नियम बदलत जाणारे आणखी खेळ आहेत का?

अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर सबर यांनी 1982 मध्ये मांडलेला ‘नॉमिक’ पाहा. त्यात नियम बदलणं हीच चाल असते : भिडू प्रस्ताव मांडतात, मतं घेतात, आणि मंजूर झालं की नियम बदलतो. तिथे नियम खरे, लिहिलेले आणि बंधनकारक. संसदेची, कायद्याची आवड असणाऱ्यांना तो जास्त भावेल. मॉर्निंग्टन क्रेसेंट खेळून झाल्यावर त्याच मंडळींनी नॉमिक खेळला तर आक्षेप आणि निवाड्यांची सवय तिथे कामाला येते.

नाव नेमकं कधी घ्यावं?

सगळ्यात अवघड प्रश्न. काही खुणा सांगतो. रचलेले नियम एकमेकांत गुंतू लागले आणि सूत्रधाराला मागचं आठवायला वेळ लागू लागला, की शेवट जवळ आहे. कुणी तेच स्टेशन दुसऱ्यांदा घेतलं, की शेवट जवळ आहे. एखादा भिडू दोन फेऱ्या नुसतं नाव घेऊन गप्प बसला असेल, तर त्याच्या हातून डाव संपेल अशी वाट तयार करता येते का ते पाहा.

उगाच लांबवू नका. सगळ्यात रंगलेल्या चालीनंतर दोन-तीन नावांतच शेवट यावा. त्या चालीवर टाळ्या पडल्या आणि पुढे दहा मिनिटं कंटाळा आला, तर लोकांना कंटाळाच लक्षात राहतो.

दोघांनी एकाच वेळी नाव घेतलं तर?

सूत्रधार ठरवेल. त्याने दोघांना त्या आधीचं स्टेशन विचारावं. दोन्ही उत्तरं सारखी आली तर डाव बरोबरीत, वेगळी आली तर ज्याच्या वाटेत गाडी कमी वेळा बदलावी लागते तो जिंकला.

एकट्याने खेळता येतो का?

नाही. चाली सुचतील, पण हरकत घेणारं कुणी हवं. फोनवर दुसरा एक जण मिळाला तरी पुरतं. रोज एक नाव पाठवायचं, डाव महिनाभर चालतो.